४४४० च्या अॅम्प्लिफायरचा पॉवर सप्लाय बदलला तर आवाज खरंच बदलतो का?

बदलतो, आणि घरात कुणालाही कळेल इतका बदलतो. फक्त तुमचा मित्र म्हणतो तसा महागडा 'ऑडिओ ग्रेड' कॅपॅसिटर (वीज साठवून ठेवणारा भाग) आणून नाही. तुम्ही लिहिलंय की ४४४० चा (एलए४४४० या आवाज मोठा करणाऱ्या आयसीचा, म्हणजे चिपचा) रेडिमेड बोर्ड आहे, १२-०-१२ चा ३ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर, दोन डायोड, पुढे १००० एमएफडीचा (मायक्रोफॅरडचा) एकच कॅपॅसिटर, गाणं बंद असलं तरी घूंऽऽ चालूच असतं आणि ढोलकीवर जोरात थाप पडली की आवाज फाटतो. या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, दोन्हीचं मूळ सप्लायमध्येच आहे पण जागा वेगवेगळ्या.

आधी फाटणं घेतो. आपली लाइट ५० हर्ट्झची, रेक्टिफाय झाली (म्हणजे डायोडांनी ती एकाच दिशेला वळवली) की सेकंदाला १०० वेळा कॅपॅसिटर चार्ज होतो, आणि तेही दर वेळी जेमतेम दीड-दोन मिलिसेकंद. मधल्या वेळात आयसीला जे लागतं ते सगळं कॅपॅसिटरमधून जातं. नळाला सकाळी पाऊण तास पाणी येतं आणि मग दिवसभर टाकीवर निभवायचं, अगदी तसंच. दोन्ही चॅनेल जोरात वाजत असतील तर हा आयसी साधारण १ अँपिअर खेचतो, १ अँपिअर गुणिले १० मिलिसेकंद भागिले १००० एमएफडी, कागदावर १० व्होल्टचा खड्डा पडतो. प्रत्यक्षात थोडा कमी, सात-आठचा, कारण पुढचं चार्जिंग जरा आधीच सुरू होतं. पण मुळात १६ व्होल्ट होते, त्यातले तळाला आठ-नऊच उरले, आणि नेमका तेव्हा ढोलकीचा घुमारा आला तर आयसी देणार कुठून? लाटेचा माथा कापला जातो, तेच तुम्हाला फाटल्यासारखं ऐकू येतं. तीच टाकी ४७०० एमएफडीची केली की खड्डा दोन व्होल्टच्या आसपास येतो, १०,००० ला एकच्या आसपास. त्यापुढे २२,००० लावून या बोर्डात फारसं काही हाती लागत नाही, उलट स्विच चालू करताना डायोडवर दणका बसतो. कॅपॅसिटर २५ व्होल्टचा घ्या, १०५ डिग्रीवाला मिळाला तर तोच घ्या, ट्रान्सफॉर्मर आणि हीटसिंकच्या शेजारी बसून ८५ वाला लवकर वाळतो. आणि डायोड १एन४००७ असतील तर आजच काढा, तो १ अँपिअरचा आहे, त्याजागी १एन५४०८ टाका.

ट्रान्सफॉर्मर तपासायला मीटर कॅपॅसिटरवर लावून ठेवा आणि जोरात गाणं वाजवा. शांत असताना १७ आणि वाजताना १२ च्या खाली जात असेल तर त्यावर ३ अँपिअर लिहिलेलं असलं तरी तो तेवढा नाही, बाजारात असे भरपूर मिळतात, आत तांब्याऐवजी अॅल्युमिनियमची तारही निघते. एक मात्र जपा, ४४४० हा मुळात गाडीतला आयसी, १३.२ व्होल्टवर चालवायचा, चालू असताना १८ च्या वर जायला नको. ५ अँपिअरचा दणकट १२-०-१२ लावला आणि रात्री लाइट २४५-२५० ला चढली की तुम्ही त्या १८ ला टेकता.

आता घूं. मला हे भारनियमनामुळे कळलं. २००६-०७ ला आमच्या गावाकडे दिवसाचे कितीतरी तास लाइट नसायची, तेव्हा एका संध्याकाळी काकांच्या ट्रॅक्टरची बॅटरी आणून त्यावर माझा हाच ४४४० जोडला. घूं एकदम गायब. रोज ऐकत होतो तीच शास्त्रीय गाण्याची कॅसेट, पण त्या दिवशी गाणाऱ्याच्या मागचा तानपुरा पहिल्यांदा नीट ऐकला, त्याचा खर्ज रोज त्या घूंमध्ये बुडालेला असायचा. अजून आठवलं तरी अंगावर काटा येतो. लाइट आली, परत ट्रान्सफॉर्मरवर घेतलं, घूं परत. मग मी मोठा कॅपॅसिटर टाकला, थोडी कमी झाली पण ती खरखरीत घर्रघर्र काही जाईना. तीन आठवडे डोकं आपटल्यावर सापडलं की इनपुटच्या शील्डचं (गाण्याच्या वायरभोवतीच्या जाळीचं) ग्राउंड मी सोयीचं पडतं म्हणून ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या, '०' च्या वायरवर सोल्डर केलं होतं.

त्याने काय होतं बघा. गाणं बंद असतानाही आयसी १०० मिलिअँपिअर पितोच, पण ती टाकी दहातल्या दीड-दोन मिलिसेकंदातच भरायची असल्यामुळे त्या वायरमधून पाऊण-एक अँपिअरचे ठोके जातात, सेकंदाला शंभर. साधी १४/३६ ची वीतभर वायर म्हणजे सात-आठ मिलिओम, तिच्यावर पाच-सहा मिलिव्होल्ट पडले. ऐकायला काहीच नाही, पण ४४४० चा गेन (इनपुट किती पट वाढवतो ते) ५१.५ डीबी आहे म्हणजे जवळपास ३७५ पट! शील्ड त्या वायरच्या लांबच्या टोकाला असेल तर स्पीकरवर दीड-दोन व्होल्टची घर्रघर्र. याला कुठल्याच ब्रँडचा कॅपॅसिटर काही करू शकत नाही.

म्हणून जोडणी अशी करा: ट्रान्सफॉर्मरची मधली वायर थेट कॅपॅसिटरच्या निगेटिव्ह पायावर, मधे दुसरं काहीही जोडायचं नाही. त्याच पायावरून वेगळी जाड वायर बोर्डाच्या ग्राउंडला. इनपुटची शील्ड फक्त बोर्डाच्या इनपुट ग्राउंडला, इतर कुठेही नाही. चेसिसला (पत्र्याच्या डब्याला) ग्राउंड एकाच ठिकाणी. आणि आयसीच्या सप्लाय पायाला अगदी चिकटून १०४ नंबरचा (०.१ एमएफडीचा) एक छोटा कॅपॅसिटर, तो नसेल तर काही बोर्ड आतल्या आत ऑसिलेट होतात (इनपुट नसतानाही स्वतःच कंपनं तयार करतात), आयसी उगाच तापतो आणि आवाज कर्कश येतो.

पैसे खर्च करायच्या आधी माझ्यासारखी बॅटरीची परीक्षा करून बघा, इन्व्हर्टरची किंवा गाडीची १२ व्होल्टची चालेल, पॉझिटिव्ह वायरमध्ये ५ अँपिअरचा फ्यूज घालूनच लावा, बॅटरी शॉर्ट झाली तर वायर पेटते. व्होल्टेज कमी म्हणून कमाल आवाज जरा कमी होईल, १६ चे १२.६ झाले तर २ डीबीचाच फरक, कानाला मुश्किलीने कळतो. बॅटरीवर घूं पूर्ण गेली तर दोष सप्लायचा किंवा त्याच्या ग्राउंडचा. बॅटरीवरही राहिली तर व्हॉल्यूम शून्य करा, शून्यावर गेली तर ती इनपुटकडून येतेय, शील्ड तुटलीय किंवा ट्रान्सफॉर्मर इनपुटच्या वायरला फार जवळ आहे (बॅटरीवर असताना त्याचा प्लग काढून बघा, तेव्हा घूं गेली तर कारण तेच).

आणि कुणी सांगेल की प्लगची अर्थिंगची पिन काढा, घूं जाते. कधीकधी जातेही. पण तुमचा डबा पत्र्याचा आहे, ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन गेलं तर पूर्ण २३० व्होल्ट त्या पत्र्यावर येतील, आणि व्हॉल्यूमच्या नॉबला घरातली लहान मुलंच सगळ्यात जास्त हात लावतात. ती पिन राहू द्या.