पेन्शनीवर परदेशात राहता येईल काय?

प्रश्न : नमस्कार सर. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून मास्तर म्हणून मागच्या वर्षी रिटायर झालो, गाव दारव्हा तालुक्यात. पेन्शन हातात ४१ हजार येते, ग्रॅच्युइटी अन् फंडाचे मिळून १८ लाख एफडीत हायेत, ५ एकर वावर हाय ते ठोक्यानं देलं हाय. दोन्ही पोट्टे बाहेर, एक पुण्याले एक हैदराबादले. मिसेसले उन्हाळा सहन होत नाही, मागच्या मे महिन्यात दोनदा सलाईन लावा लागली. मोबाईलवर रोज व्हिडिओ येतात का थायलंडले, बालीले ४० हजारात मस्त राहता येते, समुद्र हाय, हवा हाय. मनात येते का वावर इकून टाकावं अन् पाच-दहा वर्षं तिकडंच राहावं. खरं खरं सांगजा.

उत्तर : गुरुजी, वावर विकायचं आधी डोक्यातून काढा, मग बाकीचं बोलू. तुम्ही तिकडे कायमचे राहायला गेले की फेमा म्हणजे परकीय चलनाच्या कायद्यानं अनिवासी ठरता, आणि अनिवासी माणसाला भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही. आधीची असलेली ठेवता येते, वारसानं आलेली घेता येते, पण नवी खरेदी नाही. म्हणजे आज विकली तर तिकडे असताना दुसरी घेता येणार नाही, आणि दोन वर्षांनी तिकडे करमलं नाही म्हणून परत आले, तरी लगेच दुसरं वावर घ्यायला पैसा पुरणार आहे का? कापूस-तुरीच्या पाच एकराचा पैसा परदेशात किती दिवस टिकतो ते मी बँकेत परकीय चलनाच्या टेबलावर बसून पाहिलं आहे, म्हणून एवढं जोर देऊन सांगतो.

आता व्हिडिओबद्दल. ते ४० हजार म्हणजे खोलीभाडं, भाजीपाला आणि स्कूटीचं पेट्रोल. ते खोटं नाही, पण तिथं राहायला परवानगी कोणाला मिळते हे त्यात कोणी सांगत नाही. थायलंडचा रिटायरमेंट व्हिसा वयाच्या ५० नंतर मिळतो खरा, पण त्यासाठी तिथल्या बँकेत ८ लाख बाथ ठेवावे लागतात नाहीतर महिन्याला ६५ हजार बाथ उत्पन्न दाखवावं लागतं. एक बाथ अडीच रुपयाच्या आसपास धरला तरी ८ लाख बाथ म्हणजे २० लाख रुपये झाले, तुमची सगळी एफडी मोडूनही कमी पडते, आणि ६५ हजार बाथ म्हणजे महिन्याला दीड लाखाच्या वर. वर दर ९० दिवसांनी पत्ता कळवत राहायचं, व्हिसा दरवर्षी वाढवून घ्यायचा. श्रीलंकेची स्कीम ५५ च्या पुढच्यांसाठी आहे, त्यात १५ हजार डॉलर डिपॉझिट आणि दरमहा दीड हजार डॉलर बाहेरून आणायचे, बायकोचे साडेसातशे वेगळे. व्हिएतनाममध्ये रिटायरमेंटचा व्हिसाच नाही, ९० दिवसांचा ई-व्हिसा मिळतो तेवढाच. बालीत परदेशी माणसाच्या नावानं जमिनीची पूर्ण मालकी होत नाही, तिथल्या कुणाच्या नावानं घेऊन देतो म्हणणारा एजंट भेटला तर त्याला एक रुपया देऊ नका.

आणि ज्या कारणासाठी तुम्ही निघता आहात ते कारणच तिथं सुटत नाही हो. थायलंडमध्ये सगळ्यात जास्त गरमी एप्रिल महिन्यात असते, म्हणजे आपल्यासारखीच, फक्त आपली कोरडी आणि तिथली दमट. आपल्याकडे ४४-४५ डिग्रीत कूलरला वाळ्याच्या ताट्या लावून खोली थंड होते कारण कोरड्या हवेत पाणी भराभर उडते, दमट हवेत ते फारसं उडत नाही, म्हणून समुद्राकाठी कूलर निकामी, एसी घ्या आणि बिल भरा. वहिनींना समुद्र नाही, उंची पाहिजे.

दवाखान्याचं तर व्हिडिओवाले बोलतच नाहीत. माझे थोरले भाऊ परदेशात फिरायला गेले असता बाथरूममध्ये पाय घसरून पडले, खुब्याचं हाड मोडलं, आणि ऑपरेशनच्या आधी दवाखान्यानं एवढं डिपॉझिट मागितलं की इकडून आम्ही तिघा भावांनी रातोरात पैसे जमवले, ती रात्र मला अजून आठवते. आपली नेहमीची मेडिक्लेम बहुतेक भारतापुरतीच असते. ७० वर्षं पूर्ण झाल्यावर आयुष्मानचं ५ लाखांचं कार्ड मिळतं तेही इथल्याच दवाखान्यात चालतं.

मग काय करावं? तुमच्या पेन्शनीत बसणारा परदेश एकच, नेपाळ. १९५० च्या करारामुळे भारतीयांना तिथं व्हिसा लागत नाही, उत्पन्नाची अट नाही, आणि आपल्या १०० रुपयांचे १६० नेपाळी रुपये हा दर १९९३ पासून बांधलेला आहे त्यामुळे पेन्शन रोज वरखाली होत नाही. जमीन मात्र तिथंही तुमच्या नावानं होणार नाही, भाड्यानंच राहायचं. पोखरा ८०० मीटरच्या वर आहे, मोठा तलाव आहे, मणिपालचं टीचिंग हॉस्पिटल आहे. नागपूरहून गोरखपूर, तिथून सुनौली बॉर्डर, पुढे बस. एप्रिलच्या सुरुवातीला जा, महिन्याच्या भाड्यानं खोली घ्या आणि मृग लागायच्या आत परत या, कारण पोखऱ्यात पाऊस आपल्यापेक्षा कितीतरी जास्त आणि इकडे ठोकेदाराशी हिशेब करायचाच असतो. एवढे दोन महिनेच बाहेर राहिले तर तुम्ही निवासीच राहता, एफडी, वावर, पेन्शन कशालाच धक्का नाही. हयातीचा दाखला नोव्हेंबरचा, तेव्हा तुम्ही घरीच असाल.

त्याच्याही आधी या उन्हाळ्यात पंधरा दिवस वहिनींना घेऊन चिखलदऱ्याला राहून बघा, ११०० मीटर उंची आहे आणि गावापासून एका दिवसाचा रस्ता. उंचीवर त्यांना झोप नीट लागते काय, गुडघे दुखतात काय, तुम्हाला करमतं काय, ते तिथंच कळेल.

प्रश्न : मॉरिशसले मराठी लोक हायेत म्हणे, मग तिथं रिटायर होऊन राहिलं तर? (पवनीच्या एक ताई, जि. भंडारा)

उत्तर : आहेत ताई, आणि चांगले जपून आहेत. ऊसमळ्यांवर करारानं मजूर नेले त्यांच्यात आपलेही होते, हे मजूर जिथं उतरवले तो पोर्ट लुईसचा आप्रवासी घाट आता युनेस्कोच्या यादीत आहे, गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. पण राहण्याचा परवाना पाहिजे तर वय ५० च्या वर आणि दरमहा डॉलरमध्ये ठरलेली रक्कम बाहेरून आणायची, म्हणजे सव्वा लाख रुपयांच्या वर. फिरायला जाताना आधी व्हिसा काढावा लागत नाही, तेव्हा गणपतीत आठ दिवस जाऊन या.