काच दर दोन दिवसांनी जळतेय? हेड उघडू नका, आधी हवा तपासा

तुमची पोस्ट वाचली आणि पोटात गोळाच आला. पत्रा कापायचं तीन किलोवॅटचं फायबर लेझर. मे महिन्यात एक प्रोटेक्शन काच (किरण सोडणाऱ्या हेडमध्ये लेन्सच्या खाली बसते आणि तिला वाचवते ती) आठ-दहा दिवस आरामात जायची, पाऊस सुरू झाल्यापासून दर दोन दिवसांनी मधोमध काळी. सर्व्हिसवाल्यांचं एकच पालुपद, 'ऑपरेटर नीट साफ करत नाही.' आणि शेठ म्हणतात, पुढच्या महिन्यापासून काचांचे पैसे पगारातून कापणार. २०१८ च्या जुलैत भोसरीत माझं हेच झालं होतं. फरक एवढाच, की तुम्ही अजून हेड उघडलेलं नाही. मी उघडलं होतं.

नोझल सेंटर, फोकस, सिरॅमिक रिंग हे सगळं तुम्ही बघितलं असणार, आठ महिने मशीनवर आहात. त्यावर बोलत नाही.

जळालेली काच फेकून देऊ नका. ट्यूबलाइटखाली तिरकी धरा आणि घाण कुठल्या बाजूला आहे ते बघा. खालच्या बाजूला सुईनं टोचल्यासारखे बारीक ठिपके असतील तर ते पीयर्सिंगचे, म्हणजे कट सुरू करताना पत्र्याला पहिलं भोक पाडतानाचे शिंतोडे. उंची वाढवा, दाब बघा, विषय संपला. खालच्या बाजूला पातळ, धुरकट थर आणि मधे जळका डाग असेल तर कापायला वापरतो त्या कॉम्प्रेसरच्या हवेतून तेल-पाणी येतंय. वरच्या बाजूला डाग असेल तर मात्र मशीन तिथंच थांबवा. म्हणजे एक तर काच बदलताना धूळ आत गेली, नाहीतर वरची लेन्स खराब व्हायला लागली.

माझ्या काचांवर थर खालच्या बाजूला होता. आता नीट वाचा, कारण माझी अक्कल इथंच गहाण पडली होती. कटिंगचा गॅस काचेच्या खालच्या पोकळीत शिरतो आणि नोझलमधून बाहेर पडतो. काच धड बसलेली असेल आणि तिचं सील शाबूत असेल तर तो वरच्या लेन्सपर्यंत पोचतच नाही. घाण खाली आहे म्हणजे ती खालूनच येतेय, वर बघायचं कारणच नव्हतं. हे मला माहीत होतं. ट्रेनिंगमध्ये स्वतः कागदावर आकृती काढली होती. पण सहा काचा गेल्या होत्या, शेठ दर तासाला मागे येऊन उभे राहत होते, आणि सर्व्हिस ऑफिसात फोन केला तर पलीकडचा माणूस म्हणाला, 'वरची फोकस लेन्स काढून बघा, सोपं असतं, तुम्हाला जमेल.' मी विचारलं, वॉरंटीचं काय? 'त्याचं काही नाही हो, करा तुम्ही.'

केलं. दुपारी चार वाजता, शॉपफ्लोअरवर. डोक्यावर पंखा चालू, पलीकडच्या बेमध्ये पोरगा ग्राइंडर मारतोय. वॉरंटीचा स्टिकर फाडला, लेन्सचा ड्रॉवर ओढला, लेन्स बाहेर काढली. लेन्स स्वच्छ होती, अगदी आरशासारखी. तशीच परत ठेवली असती तरी कदाचित निभावलं असतं. पण उघडलीच आहे तर पुसून घेऊ म्हणून औषधाच्या दुकानातला कापूस आयपीएत (साफसफाईच्या अल्कोहोलमध्ये) बुडवला आणि गोल गोल फिरवला, चष्मा पुसतात तसा. उजेडात धरली तर एक बारीक ओरखडा आणि कापसाचा तंतू. तंतू फुंकून उडवला. हो, तोंडानं फुंकून. दहा एमएमचा एमएस (साध्या पोलादाचा) पत्रा लावला. वीस मिनिटांत कटच्या एकाच बाजूला बर (कडेला चिकटून राहिलेला वितळलेला धातू) यायला लागला, मग टेंपरेचरचा अलार्म. लेन्स काढली तेव्हा मधोमध कोटिंगचा पापुद्रा सुटला होता.

पुढचं तुम्हाला सांगायला नको. इंजिनिअर आला, त्यानं सगळ्यात आधी फाटक्या स्टिकरचा फोटो काढला. लेन्सकडे नंतर बघितलं. रिपोर्टवर लिहिलं, 'ग्राहकानं परवानगीविना हेड उघडलं.' मी म्हटलं, तुमच्याच ऑफिसनं सांगितलं. त्यानं तिथूनच फोन लावला. ऑफिसचं म्हणणं, असं आमच्याकडून कुणी सांगणारच नाही. माझ्याकडे ना मेल, ना मेसेज, ना रेकॉर्डिंग. लेन्स, व्हिजिटचे पैसे आणि लेन्स येईपर्यंत एकोणीस दिवस मशीन बंद. शेठनी माझ्याकडून पैसे कापले नाहीत, पण दिवाळीपर्यंत धड बोललेही नाहीत. त्यापेक्षा कापले असते तर बरं, असं वाटायचं.

कंपनीचं नाव विचारू नका, सांगणार नाही. चांगले इंजिनिअरही भेटलेत, काहींनी रात्री अकराला व्हिडिओ कॉलवर मशीन चालू करून दिलंय. राग येतो तो त्या टेबलावरच्या माणसाचा, जो हेडला हात न लावता सल्ला देतो आणि अंगावर आलं की हात वर करतो. तेव्हापासून माझा नियम आहे: फोनवर काहीही ठरलं की लगेच मेसेज टाकायचा, 'आत्ता बोलल्याप्रमाणे मी अमुक काढतोय, बरोबर ना?' उत्तर आलं नाही तर पान्याला हात लावायचा नाही. लोक म्हणतील अविश्वास दाखवतो. म्हणू देत.

खरं कारण सापडलं ते कॉम्प्रेसरचं तेल बदलायला आलेल्या काकांमुळे. ते सहज म्हणाले, 'तुमच्या ड्रायरचा ऑटो ड्रेन टपकत कसा नाही?' ड्रायर म्हणजे हवा थंड करून तिच्यातलं पाणी काढणारं यंत्र, आणि ते पाणी आपोआप बाहेर सोडतो तो ड्रेन. उघडला तर आत गंज आणि तेलाचा काळा चिखल, भोक पूर्ण बुजलेलं. ड्रायरच्या कंडेन्सरच्या जाळीवर ग्राइंडिंगची धूळ बोटभर. नायट्रोजन वाचवायचा म्हणून आम्ही पातळ एसएस (स्टेनलेस) आणि एमएस कॉम्प्रेसरच्या हवेवर कापत होतो, तुम्हीही तेच करताय असं तुमच्या वर्णनावरून वाटतं. आता हिशेब करा. ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर एक घनमीटर हवेत साधारण २४ ग्रॅम पाणी असतं. कॉम्प्रेसर मिनिटाला एक घनमीटर हवा ओढत असेल तर तासाला जवळजवळ दीड लिटर पाणी आत जातं. ते कूलर, टाकी आणि ड्रायर मिळून बाहेर काढतात. ड्रेन बुजला की ते जाणार कुठं? तुमच्या काचेवर. उन्हाळ्यात हवाच कोरडी, म्हणून तोच आजारी ड्रायर मे महिन्यात निभावून नेतो आणि जूनमध्ये उघडा पडतो.

मग तपासायचं कसं? लेझर बंद, किल्ली काढून खिशात. फक्त गॅस चालू करा, नोझलखाली स्वच्छ पांढरा टिश्यू चिमट्यानं धरा आणि पाच मिनिटं हवा सोडा. आमचा टिश्यू निघाला तेव्हा मधे रुपयाएवढा पिवळट गोल होता, कडेला ओलसर, आणि वास घेतला तर सरळ कॉम्प्रेसरच्या तेलाचा. महिनाभर जी गोष्ट मी लेन्समध्ये शोधत होतो ती पाच मिनिटांत कागदावर आली. शेठ तयार होत असतील तर दुसरी परीक्षा: दोन दिवस सगळं काम नायट्रोजनवर करा. काच टिकली तर हवा दोषी. महाग पडेल, पण वाद मिटतो.

दुरुस्तीत ड्रेन साफ करणं, कंडेन्सर धुणं आणि हवेच्या लाइनवरच्या तिन्ही फिल्टरचे एलिमेंट बदलणं आलं. रेफ्रिजरेशन ड्रायर धड चालत असेल तर दाबाखालचा दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं ते) ३ अंशांच्या आसपास राहतो. तेलासाठी ०.०१ मिलिग्रॅम प्रति घनमीटरवाला फिल्टर मागा. दुकानदार 'हा पण चालतो' म्हणून दुसरा गळ्यात मारतो. घेऊ नका. स्वस्तातल्या काचांबद्दल माझं मत वाईट आहे, पण प्रामाणिकपणे सांगतो, आमच्या बाबतीत काचेचा दोष नव्हता. मी उगाच तीन ठिकाणच्या काचा आणून बघितल्या.

पावसाळ्याचा विषय निघालाच आहे तर चिलरचंही (मशीनला थंड पाणी पुरवतो त्याचंही) बघून घ्या. २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेला दवबिंदू २५ च्या वर असतो. सोर्सचं (लेझर तयार होतो त्या भागाचं) पाणी २२ अंशांवर ठेवलंत आणि कॅबिनेटचं दार उघडं टाकलंत, की आत थंड ताकाच्या तांब्यासारखा घाम सुटणार. लाइट गेली आणि आली की आधी कॅबिनेटचा एसी चालू, तो थोडा वेळ चालू दे, मग चिलर. आकडे तुमच्या मशीनच्या पुस्तकातूनच घ्या, माझे नको.

खंडेनवमीला मशीनची पूजा जरूर करा. फक्त हळदकुंकू आणि उदबत्ती कंट्रोल पॅनेलपाशी, हार हेडला घालू नका. हसू नका, एका वर्षी मी नोझलच्या आतून कुंकू काढलंय.

डोळ्यांचं मात्र चेष्टेवारी नेऊ नका. मी आधी सांगलीत अॅक्रिलिकच्या सीओटू मशीनवर होतो, भोसरीला आलो तेव्हा तोच पारदर्शक गॉगल घेऊन आलो होतो. सीओटूचा किरण १०.६ मायक्रॉनचा, तो साध्या प्लास्टिकनंही अडतो. फायबरचा १०७० ते १०८० नॅनोमीटरचा, दिसत नाही, त्या गॉगलमधून सरळ आत येतो आणि डोळ्याच्या भिंगातून पडद्यावर एकवटतो. पडद्याला वेदना होत नाही, त्यामुळे कळतही नाही. गॉगलवर तुमच्या लेझरची तरंगलांबी आणि ओडीचा (किरण किती अडवतो त्याचा) आकडा छापलेला नसेल तर तो उन्हात घालायला ठीक.

पगारकपातीचं: मी वकील नाही. पण माझ्या माहितीप्रमाणे नुकसानीपोटी पगार कापायचा तर ते कामगाराच्या हलगर्जीपणानं झालेलं असावं लागतं, आणि आधी त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. भांडायला जाऊ नका, आधी पुरावा जमवा. प्रत्येक जळकी काच छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत, वर तारीख, किती तास चालली, हवा की नायट्रोजन. उद्या सकाळी पहिली शिफ्ट सुरू व्हायच्या आधी टिश्यू धरा, रात्रभर लाइनमध्ये साठलेलं पाणी तेव्हाच सगळ्यात जास्त येतं. तो टिश्यूही त्याच पिशव्यांमध्ये ठेवा. आणि दोन्ही बाजूंचे फोटो इथं टाका, काचेला मधे हात न लावता, कडेला धरून.