झाडांची पुस्तकं कुठली वाचावी?

प्रश्न : सर, आम्ही खानापूरजवळ राहतो, मुलगी कॉलेजला आहे, तिला झाडं-जंगलावरची मराठी पुस्तकं पाहिजेत. कुठनं सुरू करू दे? (एक आई, खानापूर तालुका, जि. बेळगाव)

उत्तर : ताई, आधी दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’ द्या. महिन्यामहिन्याने लिहिलंय, त्यामुळे एकदम वाचायचं नाही, चैत्रात चैत्र वाचायचा आणि मग बाहेर जाऊन बघायचं. जांबोटीच्या बाजूला उन्हाळ्यात अंजनी फुलते, फुलं थेट फांदीला चिकटून, निळीजांभळी, बारीक बारीक, मुलीला म्हणावं जवळ जाऊन बघ, लांबनं नुसती फांदी रंगवल्यासारखी दिसते. नंतर व्यंकटेश माडगूळकरांचं ‘नागझिरा’, एका जागी बसून जंगल कसं बघायचं ते त्यातनं कळतं, मला स्वतःला हे सगळ्यात आवडतं. मारुती चितमपल्लींचं ‘रानवाटा’ पण घ्या, ते वनखात्यात होते म्हणून माहिती पक्की.

आणि पुस्तकांबरोबर आपल्या रानातलं पाणी कुठं जातं तेही तिला बघू दे. आपल्याकडे समुद्रकिनारा नाही खरा, पण तुमच्याच तालुक्यात कणकुंबीला मलप्रभा उगम पावते, ती पूर्वेला कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराला जाते आणि भीमगडच्या रानातनं निघालेली म्हादई गोव्यात मांडवी होऊन अरबी समुद्राला, म्हणजे एकाच तालुक्यातला पाऊस दोन समुद्रांना जातो बघा! यावर मुलीनेच काहीतरी लिहावं असं मला मनापासून वाटतं, लिहिलं तर आमच्याकडे नक्की पाठवा.