अनत्ता म्हणजे निर्णय दुसऱ्याच्या हाती देणे नव्हे

तुम्ही लिहिले आहे की, ईश्वर आणि पुनर्जन्म मानत नसल्याने व स्वतःच्या विवेकालाच अंतिम मानत असल्याने बौद्ध विचार जवळचा वाटला. पण ‘मी असे काही नसतेच’ या वाक्यापाशी, म्हणजे अनत्ता (नित्य आत्मा नाही) या शिकवणीपाशी गाडी अडली, आणि आता व्यक्तिवाद किंवा बुद्ध यांपैकी एकाला सोडावे लागेल असे वाटते. याच वाक्यापाशी मीही अडलो होतो आणि चुकीच्या वाटेने बाहेर पडलो, म्हणून हे सविस्तर उत्तर. मी पालीचा पंडित नाही. एका वाचकाचे मत म्हणूनच हे घ्यावे. स्कंध (माणूस ज्यांचा बनतो ते पाच घटक), प्रतीत्यसमुत्पाद (प्रत्येक गोष्ट इतर कारणांवर अवलंबून उद्भवते हा सिद्धांत) वगैरे तुम्हाला ठाऊक आहेत असे गृहीत धरतो.

मी ज्या ध्यानवर्गाला जात असे, तेथे कोणतीही शंका काढली की ‘हा तुमचा अहंकार बोलतो आहे’ असे उत्तर मिळे. मला ते पटले. मीच नाही तर माझ्या मताला काय किंमत, असा तर्क मी स्वतःच लढवला आणि नोकरी, पैसा, कोणाशी संबंध ठेवायचे, हे सारे वर्गाच्या सल्ल्यावर सोपवले. त्यांच्या अर्जाची सुरुवात मात्र ‘मी स्वेच्छेने व पूर्ण विचारांती’ अशी होती आणि खाली माझी सही होती. ‘मी’ नसलो तरी सही माझीच लागते, एवढी साधी विसंगती ध्यानात यायला मला दोन वर्षे लागली, आणि तोवर नोकरी गेलेली होती.

मूळ सुत्ते (बुद्धाची पाली प्रवचने) मी त्यानंतर वाचली. क्रम उलटा असायला हवा होता. अनत्तलक्खण सुत्तातील युक्तिवाद असा आहे की, रूप (शरीर) हा आत्मा असता तर ‘माझे रूप असे असो, असे नसो’ हे म्हणता आले असते. ते जमत नाही, म्हणून ‘हे माझे नाही, हा मी नाही, हा माझा आत्मा नाही’ असे पाहावे. वेदनेपासून (सुखदुःखाच्या अनुभवापासून) विज्ञानापर्यंत (जाणिवेपर्यंत) उरलेल्या चारही स्कंधांना हेच लागू केले आहे. माझ्या वाचनाप्रमाणे येथे मालकी नाकारली आहे, जबाबदारी नव्हे. उलट अंगुत्तर निकाय या सुत्तसंग्रहाच्या छक्क निपातात (सहांच्या विभागात) एक ब्राह्मण येऊन म्हणतो की, माणसाला ना स्वतःचे कर्तृत्व असते, ना परक्याचे. तेव्हा बुद्ध विचारतात की, जो स्वतः पाऊल पुढे टाकतो आणि मागे घेतो, तो असे म्हणूच कसा शकतो? हे छोटेसे सुत्त आमच्या वर्गात कधी वाचले गेले नाही, याचे मला आता नवल वाटत नाही.

घोळाचे एक कारण भाषेतच आहे. पालीत ‘अत्ता’ म्हणजे नित्य आत्माही आणि साधे ‘स्वतः’ही. आपला ‘आपण’ हा शब्दसुद्धा प्राकृतातून ‘आत्मन्’वरूनच आला आहे, पण ‘आपण जेवलो’ म्हणताना कोणी अमर आत्म्याचा दावा करत नाही. धम्मपदातील ‘अत्ता हि अत्तनो नाथो’ (आपणच आपला नाथ) हे वचन ‘स्वतः’ या दुसऱ्या अर्थाने घ्यायचे, म्हणजे अनत्तेशी त्याचे भांडण उरत नाही.

तरीही सगळाच व्यक्तिवाद बुद्धाशी जुळतो असे मी म्हणणार नाही. स्वतः तपासून निर्णय घ्यावा आणि त्याचे परिणाम भोगावेत, हा व्यक्तिवाद येथे सुखाने नांदतो. स्वार्थ हेच अंतिम मूल्य आणि व्यक्ती ही स्वयंभू, कोणाचे काही न लागणारी, असे मानणारा मात्र प्रतीत्यसमुत्पादापाशी कोसळतो, आणि माझ्या मते कोसळलेला बरा. कालाम सुत्ताचा (कालाम लोकांना बुद्धांनी केलेल्या उपदेशाचा) दाखला देणारे बहुतेक जण (मीही त्यांतलाच) ‘परंपरेने आले म्हणून मानू नका’ इथेच थांबतात. पुढे सुज्ञ ज्याची निंदा करतात ते सोडावे, अशीही कसोटी आहे, म्हणजे एकट्याची आवड पुरेशी धरलेली नाही.

पुनर्जन्माचा प्रश्न मला तुलनेने सोपा वाटतो. त्याच सुत्ताच्या शेवटी म्हटले आहे की, परलोक असेल तर निर्वैर माणसाला तेथे सुगती मिळेल, आणि नसेल तर याच जन्मी तो सुखाने राहील. डॉ. आंबेडकरांनीही आत्मा नाकारून पुनर्जन्माचा वेगळा अर्थ लावला होता. तेव्हा त्या एका मुद्द्यासाठी घाईने काही सोडू नका, आणि दरम्यान कोणत्याही वर्गाचा अर्ज पूर्ण वाचल्याशिवाय भरू नका.