पहिल्यांदाच परदेशी सेवेला चर्चची टीम नेताय?

सगळ्यात आधी तिथल्या चर्चच्या पाळकांना विचारा, त्यांना नेमकं काय हवंय. आपण कार्यक्रम ठरवायचा आणि त्यांनी तो निभवायचा, हे मला मनापासून खटकतं. पासपोर्टची मुदत परतल्यावरही 6 महिने उरेल असं बघा. पिवळ्या तापाची लस लागणार असेल तर किमान 10 दिवस आधी घ्या, त्याआधी दाखला ग्राह्य धरत नाहीत.

साक्षीची, म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं हे सांगण्याची, तालीम मात्र दुभाष्यासोबतच करा. 3 मिनिटांची साक्ष 6 मिनिटांची होते. एक वाक्य बोलायचं, थांबायचं, त्याचं पुरं होऊ द्यायचं. आमची एक ताई रडत रडत भरभर बोलत गेली आणि दुभाषी पहिल्याच वाक्यावर अडकला. एवढी सुंदर साक्ष, लोकांपर्यंत पोचलीच नाही.

मुलांचे फोटो पालकांना विचारूनच काढा. आणि एकत्र प्रार्थनेला आजपासूनच बसा, निघायच्या आठवड्यात नको.