जॅक्सनव्हिलला बिस्किटांच्या रेस्टॉरंटमध्ये नाश्त्याला जायचंय, बायको शाकाहारी आहे. काय मागवावं?

फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिललाच जाताय तर मेपल स्ट्रीट बिस्किट कंपनी गाठा. 2012 मध्ये तिथेच सुरू झालेली साखळी आहे. इथलं बिस्किट म्हणजे आपलं चहाबरोबरचं नव्हे, तर पावासारखा ताजा भाजलेला प्रकार. ऑर्डर काउंटरवर द्यायची. तिथे नाव विचारण्याऐवजी एखादा गमतीचा प्रश्न विचारतात आणि पदार्थ तयार झाला की तुमचं उत्तरच पुकारतात, तेव्हा जरा बरं उत्तर द्या.

तुम्ही मांसाहारी असाल तर 'फाइव्ह अँड डाइम' घ्या. ताकातल्या जाड, गरम, खुसखुशीत बिस्किटात तळलेलं चिकन, बेकन, चेडर चीज आणि अंडं, वरून सॉसेज ग्रेव्ही. हातात धरून खायच्या भानगडीत पडू नका, सुरी-काटाच घ्या. नंतर जेवायची गरज पडत नाही.

बायकोच्या बाबतीत मात्र नीट चौकशी करा. अमेरिकेच्या दक्षिणेतली पांढरी ग्रेव्ही दिसायला दूध-मैद्याची, पण तिच्यात बहुधा डुकराच्या सॉसेजचा चुरा असतो. कोलार्ड ही पालेभाजी असूनही डुकराचं मांस घालून शिजवायची जुनी रीत आहे. काही ठिकाणी बिस्किटातच लार्ड, म्हणजे डुकराची चरबी घालतात. प्रत्येक ठिकाणी विचारा, कोणी वाईट वाटून घेत नाही. लार्ड नसेल तर साधं बिस्किट, लोणी आणि जॅम किंवा मध. सोबत ग्रिट्स, म्हणजे मक्याच्या कण्या. मीठ-लोणी आणि हॉट सॉस घातल्याशिवाय अगदीच मिळमिळीत लागतात.

अशी ठिकाणं दुपारी लवकर बंद होतात, सकाळीच जा.