वाचक विचारतात : वादळाआधी शिडाची बोट

प्रश्न : आमची २४ फुटी शिडाची बोट बेलापूरजवळ खाडीत नांगरलेली असते. चक्रीवादळाच्या इशाऱ्यानंतर शिडं गुंडाळून घट्ट बांधली की पुरे ना? – एक वाचक, नेरूळ

उत्तर : नाही, शिडं पूर्ण उतरवून घरी न्या. गुंडाळलेल्या पुढच्या शिडाची एक कड सुटली की वारा ते अख्खं उलगडतो आणि मग नांगरही उपटतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो.

बोट किनाऱ्यावर काढता आली तर उत्तमच. नाहीतर नांगराचा दोर वाढवा. भरतीला खोली ६ मीटर आणि बोटीचं टोक पाण्यावर १ मीटर, म्हणजे ७. त्याच्या सातपट, ४९ मीटर, किमान हवा. आजूबाजूला मोकळं पाणी असेल तर दहापट. खोली उधाणाच्या भरतीचीच धरा, वर वादळाने चढणारं पाणीही मिळवा.

दोर बहुधा तुटतो तो बोटीच्या कडेला घासून. तिथे जाड कॅनव्हासच्या पाइपाचा हातभर तुकडा चढवून दोन्ही टोकांना शिवा. रबरी नळी नको. ताणाने तापलेल्या नायलॉनची उष्णता तीत कोंडते.

बिल्ज पंप (बोटीच्या तळात साचलेलं पाणी उपसणारा पंप), बॅटरी तपासा. बोटीवर मात्र कुणीही थांबू नका, कृपा करून.